आधी अन्न, की आधी विवेक?

मनुष्याला अन्न लागते हे पटवून देण्यास शास्त्राची गरज नाही. परंतु घरात धान्याची ददात नसताना, ते शिजविणारी आई शेजारी बसलेली असताना आणि पोटात भूक प्रत्यक्ष असताना ज्या मुलीला समोरच्या भाताचे भय वाटते, तिला बरे करावयाचे तर आरंभ तिच्या मनापासून करावा, की घास तिच्या पोटात जाईल अशी तजवीज आधी करावी, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे वैद्यकापुढे उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजू, आणि त्याही परस्परांविषयी मनापासून माया असलेल्या दोन माणसांच्या तोंडून, मला पुण्यातल्या एका परिचित घरी ऐकावयास मिळाल्या. त्या वादात मी बहुतांशी श्रोता होतो. तरी माझा कौल कोणीकडे पडला हे मी लपविणार नाही.

मामांनी आपली सारी हयात संस्कृत शिकविण्यात घालविली. एकादशी आणि संकष्टी ते अद्याप निष्ठेने पाळतात, रात्रीचे जेवण बेताचे ठेवतात, आणि आजच्या माणसाचे बहुतेक रोग जिव्हालौल्यातून उत्पन्न झाले आहेत असे त्यांचे प्रामाणिक मत आहे. त्यांची भाची मानसोपचारतज्ज्ञ असून आहारविकार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर, जडलेल्या मुलामुलींवर उपचार करणे हे तिचे रोजचे काम आहे. नात्यातल्या एका बारावीच्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया झाल्याचे निदान झाले, डॉक्टरांनी तिचे जेवण काही काळापुरते सर्वस्वी आईवडिलांच्या हाती सोपविले, आणि पानात वाढलेले संपेपर्यंत दोघांपैकी कोणीतरी तिच्याजवळ बसून राहावे असा दंडक घातला, तेव्हा मामांना राहवले नाही.

"हा उपचार आहे की पहारा?" ते म्हणाले. "ज्या देशात लंघन हे परमौषध मानले गेले आणि उपोषणाला तपाची प्रतिष्ठा मिळाली, तिथे एका शहाण्यासुरत्या मुलीने आहार कमी केला म्हणून तिच्या ताटापाशी चौकी बसवायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. तिची समजूत चुकली असेल. मी नाही म्हणत नाही. पण मग समजूत घाला, तिच्याशी बोला, तिचा विवेक जागा करा. विवेक जागा झाला म्हणजे हात आपोआप ताटाकडे वळेल. मनाविरुद्ध भरविलेल्या अन्नाने फार तर वजन वाढेल, माणूस बरा व्हायचा नाही."

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, एकादशीचा उपास तुम्ही दुसऱ्या दिवशी सोडता ना? पारणे नसलेले व्रत तुमच्या कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नसेल. या मुलीच्या उपासाला पारणे नाही, आणि तिला तो सोडवतही नाही. भीतीने तिचा हात थांबतो. तिने खाणे कमी केले एवढ्यावरून आम्ही तिला रोगी ठरवीत नाही. थांबण्याची मुखत्यारी तिच्याकडे उरली नाही, म्हणून ठरवतो."

मामांनी हा भेद मान्य केला, परंतु त्याने त्यांचे समाधान झाले नाही. भय आहे तर भय दूर करा, एवढेच त्यांचे म्हणणे राहिले. आणि ते काही अडाणीपणाचे म्हणणे नव्हे, कारण वैद्यकाने स्वतः हाच रस्ता पुष्कळ काळ चोखाळून पाहिला आहे. लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने 1689 साली क्षयावरील आपल्या ग्रंथात एका अठरा वर्षांच्या मुलीची हकिकत नोंदविली आहे. तिला ज्वर नाही, खोकला नाही, केवळ चिंता आणि खिन्नता यांनी तिची भूक हरपली आणि कातडी पांघरलेला सांगाडा तेवढा उरला असे त्याला दिसले. तिने औषधे नाकारली, आणि काही महिन्यांत ती मरण पावली. पुढे 1873 साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या रोगाचे वर्णन केले. लासेगने एक गोष्ट विलक्षण अचूक टिपली: घरच्या माणसांपाशी उपाय दोनच असतात, एक विनवणी आणि दुसरी धमकी, आणि दोन्ही सारख्याच निष्फळ ठरतात. गलचा निर्णय याहून कठोर होता. रोग्याच्या इच्छेची वाट न पाहता नियमित वेळी अन्न द्यावे, आणि हे काम नातलगांकडे मुळीच देऊ नये, कारण परिचारक म्हणून तेच सर्वांत कुचकामी, असे त्याने बजावले. त्या सल्ल्याचा अंमल पुढे शंभर वर्षे चालला, आणि किती मुली आपल्या घरापासून तोडून इस्पितळांत ठेवल्या गेल्या याची गणती नाही.

"म्हणजे जबरदस्ती तुमच्या शास्त्रात पहिल्यापासूनच आहे," मामा म्हणाले.

"जबरदस्तीची भीती तुम्हांला वाटते तशी मलाही वाटते," ती म्हणाली. "पण विवेकाविषयी तुम्ही जे म्हणालात त्याचे उत्तर मला आधी देऊ द्या, कारण माझे सारे म्हणणे त्यावर उभे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग केला. युरोपात लक्षावधी माणसे उपासमारीने खंगली होती, आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते; ते ज्ञान मिळावे म्हणून हे तरुण स्वखुशीने उपाशी राहायला तयार झाले. ते कोण होते माहीत आहे? सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ज्यांनी शस्त्र हाती धरायला नकार दिला होता, असे. सरकारचा रोष आणि शेजाऱ्यांची हेटाळणी पत्करून स्वतःच्या तत्त्वाला चिकटून राहिलेली ही माणसे, शरीराने धडधाकट आणि मनाने निरोगी आहेत अशी खात्री करूनच निवडलेली. विवेकाची उणीव त्यांच्यात असेल असे तुम्हीसुद्धा म्हणणार नाही."

1945 च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या आहाराच्या सुमारे निम्मा आहार मिळाला, आणि त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले. हा शरीराचा हिशेब झाला. मनाचा हिशेब भाचीने जो सांगितला तो ऐकताना मामांनी हातातला चष्मा दोनदा पुसला. जे तरुण आरंभी राजकारणावर आणि जगाच्या पुनर्रचनेवर वाद घालीत, ते हळूहळू पाककृतींची पुस्तके वाचू लागले. काहींनी तर त्यांचा संग्रहच केला. दिवसाचा बोलण्याचा विषय अन्न, रात्रीच्या स्वप्नाचा विषय अन्न. थोडक्या जेवणावर ते तासन् तास घालवीत, पदार्थ चिवडीत, एकात दुसरे कालवीत, ताटल्या चाटीत. मैत्री आटली, विनोद संपला, चिडचीड वाढली, अभ्यासासाठी आणलेली पुस्तके बाजूला पडली. कोणी नियम मोडून भरमसाट खाऊन बसे आणि मग पश्चात्तापाने स्वतःला कोसत राही. आणि ज्यावर मी अजून विचार करतो ती गोष्ट अशी, की स्वतः अस्थिपंजर झाले असताना आपण फार रोडावलो आहोत असे त्यांतल्या काहींना वाटेना. उलट बाहेरची धडधाकट माणसेच त्यांना स्थूल दिसू लागली.

"यांच्यापैकी एकालाही बारीक व्हायचे नव्हते," भाची म्हणाली. "एकानेही आरशापुढे उभे राहून स्वतःला दूषणे दिलेली नव्हती. तरीसुद्धा आमच्या विभागातल्या मुलींची अर्धी लक्षणे त्यांच्या ठायी उत्पन्न झाली, आणि ती केवळ उपासमारीने. घरच्यांसाठी हौसेने शिरा करणारी पण स्वतः चमचाभरही न चाखणारी मुलगी मी जेव्हा पाहते, पोळीचे बोटाएवढे तुकडे करून त्यावर तासभर घालविणारी जेव्हा पाहते, तेव्हा तो तिचा हट्ट आहे असे मला वाटत नाही. भुकेने व्यापलेला तो मेंदू आहे. दीर्घ उपासमारीत मेंदूचा आकारदेखील आक्रसतो, आणि वजन सावरले की तो बहुतांशी पूर्ववत होतो. मग मामा, ज्या मेंदूला विवेकाचे काम सांगायचे तोच उपाशी असताना तुम्ही समजूत घालणार कोणाची?"

मामा बराच वेळ गप्प होते. त्यांच्यासारखा प्रामाणिक विद्वान वाद हरण्याच्या भीतीने पुरावा दडपीत नाही; आणि पुढे जे ते बोलले ते भाचीच्या पक्षाला तिच्या स्वतःच्या बोलण्याइतकेच बळकटी देणारे होते. ते म्हणाले, "गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिशय खाणाऱ्याबरोबर मुळीच न खाणाऱ्यालाही योग नाकारला आहे, हे मी मुलांना शिकवीत आलो. आणि सिद्धार्थाचे तर उदाहरण प्रसिद्धच आहे. लाहोरच्या संग्रहालयात त्या उपोषित सिद्धार्थाची गांधार शिल्पातली मूर्ती आहे; एक एक बरगडी मोजून घ्यावी, अशी. त्या अवस्थेत त्याला बोध झाला नाही. सुजातेच्या हातचे पायस त्याने स्वीकारले, अंगात बळ आले, आणि मग तो बोधिवृक्षाखाली बसला. पायस आधी आहे, बोध नंतर."

"आणि त्याचे पाच सोबती?" भाचीने विचारले.

"ते सोडून गेले. हा भ्रष्ट झाला असे त्यांना वाटले."

"माझ्या रोग्यांचे सोबती असेच सोडून जातात," ती म्हणाली. "हाडे दिसत होती तोवर कॉलेजातल्या मैत्रिणी तिच्या निग्रहाचे कौतुक करीत होत्या. ती जेवू लागली, आणि कौतुक थांबले."

येथे मामांनी आपली मूळ हरकत पुन्हा उपस्थित केली, आणि माझ्या मते ती रास्त होती. अन्न आधी हे मान्य केले, तरी ते कोणाच्या अधिकाराने? सतरा वर्षांच्या मुलीच्या मुखापर्यंत दुसऱ्याची सत्ता पोचवायची, तर त्या सत्तेला हद्द आणि मुदत दोन्ही हवीत. नाही तर ज्या स्वातंत्र्यासाठी तिला बरे करायचे तेच उपचारात खर्ची पडेल. यावर भाचीने लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील कामाचा दाखला दिला. 1980 च्या दशकात तेथील चिकित्सकांनी गलचा शंभर वर्षांचा निवाडा फिरविला, आईवडिलांना परिचारकांच्या जागी आणून बसविले, आणि 1987 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की लहान वयात रोग जडलेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या रुग्णांना एकट्याने घेतलेल्या उपचारापेक्षा कुटुंबासह घेतलेल्या उपचाराने अधिक गुण आला. या पद्धतीत आईबापांकडे दिलेला अधिकार कायमचा नसतो. पहिल्या टप्प्यात ताटातले काय आणि किती हे ते ठरवितात. वजन सावरू लागले की हा अधिकार थोडा थोडा मुलीला परत करावयाचा असतो. आणि शेवटच्या टप्प्यात अन्नाचा विषय मागे पडून तिच्या वयाचे इतर प्रश्न, तिचे शिक्षण, तिची मैत्री, तिचे भांडण, पुढे येतात. रागावणे नाही, धमकी नाही, तिला दोष देणे नाही. रोग आणि मुलगी यांत फरक करून रोगापुढे मात्र माघार न घेणे.

"आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईबापांना निक्षून सांगते," ती पुढे म्हणाली. "फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर खाऊ घालणे हेही प्राणघातक ठरू शकते. रक्तातले फॉस्फरस झपाट्याने उतरते, हृदय बिघडते. महायुद्धात बंदिवासातून सुटलेल्या कैद्यांपैकी काहीजण अन्न मिळाल्यावर मेले, ते यामुळेच. तेव्हा आधी डॉक्टर, रक्ताची तपासणी, नाडी. मग अन्न, आणि तेही मोजून. या रोगाला थट्टेवारी नेऊ नये. मानसिक विकारांत ज्यांनी सर्वाधिक माणसे दगावतात त्यांत अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते."

"बरे, वजन आले," मामा म्हणाले, "मग ती बरी झाली का?"

"नाही," ती म्हणाली, आणि हे उत्तर मला तिच्या साऱ्या बोलण्यात सर्वांत महत्त्वाचे वाटले. "सर्वांत शेवटी बरी होते ती स्वतःच्या शरीराविषयीची कल्पना. वजन परत येताना पहिल्यांदा पोटावर दिसते. सगळ्या अंगावर ते सारखे पसरायला कित्येकदा वर्षभर लागते. नेमक्या याच काळात घरी पाहुणे येतात, लग्नकार्ये असतात, आणि कोणीतरी मायेने म्हणते, तब्येत छान सुधारली हो! गाल वर आले! आपल्याकडे 'तब्येत सुधारली' याचा अर्थ काय होतो हे तिला पुरते ठाऊक असते. त्या एका वाक्याने महिन्याचे काम वाया गेलेले मी पाहिले आहे."

"अगं, पण मग माणसांनी बोलायचे तरी काय? किती वाळलीस म्हणावे तर ती सुखावते, सुधारलीस म्हणावे तर ती घाबरते."

"शरीराविषयी काहीच बोलू नये, मामा. परीक्षेविषयी विचारा, काय वाचतेस ते विचारा. भेटल्याबरोबर अंगकाठीचा पंचनामा करायचा ही आपली जुनी खोड आहे. ती मोडता येते."

मामांनी यावर जी शंका काढली तिने संवादाला अनपेक्षित वळण मिळाले. अलीकडच्या पुस्तकांतून, ते म्हणाले, आरशापुढे उभे राहून 'मी सुंदर आहे' असे रोज घोकण्याचा उपदेश असतो. परंतु देहाकडे रात्रंदिवस पाहत राहणे हाच जर रोग, तर त्याच देहाची स्तुती आळवणे हा उपाय कसा? मला वाटले आता भाची प्रतिवाद करील. ती म्हणाली, "इथे तुम्ही आणि मी एका बाजूला आहोत." ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या विकारांसाठी जी उपचारपद्धती बसविली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे, असे तिने सांगितले. रोग्याला एक वर्तुळ काढायला सांगतात, आणि स्वतःची किंमत तू कशाकशावरून ठरवतेस ते त्यात वाटे पाडून दाखव म्हणतात. कोणाच्या वर्तुळात शरीराचा आकार आणि वजन यांनी जवळजवळ सगळी जागा व्यापलेली असते. संगीत, मैत्री, भावंडे, अभ्यास यांना उरतात त्या रेषा. चिकित्सकाचे काम तो मोठा वाटा सुशोभित करण्याचे नसून इतर वाटे रुंद करण्याचे असते. म्हणून सोडून दिलेले गाणे पुन्हा सुरू करायला लावतात; वजन घरी रोज न करता आठवड्यातून एकदा चिकित्सकासमोर करतात; दिवसातून कितीदा आरसा पाहिला, कितीदा मनगट चाचपले, मैत्रिणीच्या कमरेशी स्वतःची तुलना कितीदा केली याची वही ठेवतात आणि ते प्रसंग हळूहळू कमी करतात; आणि न बसणारे जुने कपडे कपाटातून कायमचे बाहेर काढायला लावतात.

हा सौंदर्याचा दंडक माणसाच्या रक्तात जन्मजात नसतो, याचा एक दाखला मी येथे माझ्याकडून जोडतो. फिजी बेटांत भरदार बांधा हे पिढ्यान् पिढ्या सुस्थितीचे आणि घरच्यांच्या मायेचे चिन्ह मानले जाई. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 साली दूरचित्रवाणी पोचली. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने 1998 साली तेथील शाळकरी मुलींकडे चौकशी केली, तेव्हा 74 टक्के मुलींनी आपण फार मोठ्या किंवा लठ्ठ आहोत असे निदान अधूनमधून तरी वाटते म्हणून सांगितले. आपल्याकडे वधूवरांच्या जाहिरातींत 'सडपातळ' हे विशेषण पूर्वीपासून आहेच; आता तर प्रत्येक मुलीच्या तळहातावरच्या पडद्यात जगातली सगळी सडपातळ अंगे रात्रंदिवस हजर असतात.

मामांनी शस्त्र अजून खाली ठेवले नव्हते. "तुझ्या विभागाबाहेर जे जग आहे त्यात मधुमेह घरोघर आहे," ते म्हणाले. "तिथे वजनाविषयी बोलू नका म्हणणे हा अपराध ठरेल."

"पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचे उत्तर स्वतःच्या देहाने दिले आहे," ती म्हणाली. "2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाच्या प्रमाणाचा आकडा दोघांचा अगदी एकच, 22.3, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिकांचे 21.2 टक्के. वजनकाट्यावरून माणसाचे आरोग्य जर इतके थोडे कळते, तर त्यावरून त्याची लायकी काय कळणार? मधुमेह्याला आहार आवरायला सांगावा, माझ्या रोग्याला वाढवायला सांगावा. दोघांचे पथ्य एक नाही. आणि एक लक्षात ठेवा, आहारविकार झालेली प्रत्येक व्यक्ती हाडकुळी नसते. 1979 साली जेरल्ड रसेल यांनी बुलिमियाचे, म्हणजे भरमसाट खाऊन मग ओकून वगैरे ते काढून टाकण्याच्या विकाराचे, वर्णन केले, त्यातले रोगी दिसायला पुष्कळदा चारचौघांसारखेच असतात. कित्येक मुलगे असतात, कित्येक स्थूल माणसे असतात. आणि त्यांनी जेवण टाकले की त्यांना शाबासकी मिळते."

मामांनी एवढेच म्हटले, की मिताहार हा सद्गुण आहे हे मत ते सोडणार नाहीत. भाचीनेही त्यांना ते सोडावयास सांगितले नाही.

माझा कौल भाचीच्या बाजूने आहे: या रोगात अन्न आधी, विवेक नंतर. तिच्या म्हणण्यात मामांची एक अट मात्र मी घालू इच्छितो. घेतलेला अधिकार ठरल्या टप्प्याने मुलीला परत मिळालाच पाहिजे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी एखादे मूल जेवणाच्या वेळा चुकवू लागले असेल, एकट्यानेच खाऊ लागले असेल, सतत थंडी वाजते म्हणत असेल, केस गळत असतील, पाळी थांबली असेल, किंवा जेवल्यानंतर लगेच नाहीसे होत असेल, त्यांनी हे वयाचे खूळ म्हणून थांबू नये आणि मुलाने स्वतःहून कबूल करण्याची वाट पाहू नये. या आठवड्यातच त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि नाडी, रक्त, वजन तपासून मानसोपचारतज्ज्ञाची व आहारतज्ज्ञाची भेट ठरवावी. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.